फुप्फुसांचे डॉक्टर आणि आयसीयू : गोव्यातली सेवा कशी पारखायची

गोव्यात फुप्फुसाचं दुखणं अंगावर आलं की लोकांपुढे दोन वाटा असतात. सरकारी वाट शेवटी बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाला, जाऊन मिळते. तिच्या अलीकडे मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ, जे लोकांच्या तोंडी अजून हॉस्पिसियोच आहे, म्हापशाला पेडे इथलं उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, आणि चिखली व फोंड्याची उपजिल्हा इस्पितळं. खाजगी वाट दोना पावला, जुने गोवे, मडगाव, म्हापसा अशी पसरलेली आहे. इथे कुणा एकाला तारे वाटायचे नाहीत. एकाच इस्पितळात सकाळची पाळी उत्तम आणि रात्रीची ढिली असू शकते, त्यामुळे तारे फसवतात. ओपीडीपासून आयसीयूपर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत प्रत्येक टप्प्यावर चांगली सेवा कशी ओळखायची आणि ती कुठे कमी पडते, ते इथे सांगतो.

मत आधीच मांडतो. यंत्रं मोठ्या इस्पितळांत बहुतेक सारखीच असतात. सेवेचा कस लागतो तो रुग्णाला त्याच्या भाषेत कामाला लावण्यात. रक्त तपासायला हात पुढे केला की रुग्णाचं काम संपतं. फुप्फुसाचं तसं नाही. पीएफटीत, म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेच्या तपासणीत, फुंकायचं त्यानेच, इन्हेलर ओढायचा त्यानेच, बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क सोसायचा त्यानेच, आणि व्हेंटिलेटरवरून सुटताना खोकून कफ वर आणायचा तोही त्यानेच. सूचना कळली नाही तर तपासणी चुकते, औषध घशातच राहतं आणि मास्क उपटून फेकला जातो. गोव्यात एका बाकावर कोकणी बोलणारी सासष्टीची आजी, कन्नड बोलणारा बांधकामावरचा गवंडी, ओडिशाहून आलेला वेल्डर, सावंतवाडीहून पहाटेच्या गाडीने आलेलं मराठी जोडपं आणि एखादा रशियन पर्यटक बसलेले असतात. या सगळ्यांना एकाच इंग्रजी-हिंदी मिश्रणात हाकणारा विभाग कितीही चकचकीत असला तरी आमच्या लेखी कच्चाच.

पहिली पारख ओपीडीतल्या प्रश्नांवरून होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत गोव्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ९.७ टक्के निघालं, देशात सगळ्यात कमी. धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला होता. तेव्हा "बिडी-सिगरेट ओढता का?" एवढं विचारून, "नाही" ऐकून पुढच्या रुग्णाकडे वळणारा डॉक्टर इथे बऱ्याच गोष्टी हुकवतो. चांगला छातीतज्ज्ञ विचारतो: घरात चूल किती वर्षं होती? पोदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) भट्टीवर काम केलंत का? काजूच्या मोसमात फेणीच्या भट्टीपाशी बसता का? डिचोली-सांगे पट्ट्यात खाणीवर होतात का, आणि क्रशरवर की ट्रकवर? वास्कोला राहता तर घरात कोळशाची काळी पूड येते का? शिपयार्डात वेल्डिंग केलंत की ग्राइंडिंग? घरात कबुतरं आहेत का, शेजारच्या गच्चीवर आहेत का? आणि जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी धरते का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. बुरशी किंवा पक्ष्यांच्या पिसांमुळे होणारी फुप्फुसाची सूज पुष्कळदा दमा म्हणून वर्षानुवर्षं पंपावर काढली जाते. कारण दूर केलं नाही तर फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं आणि मग ते परत मऊ होत नाही.

आता पीएफटी, म्हणजे स्पायरोमेट्री. यावर जरा थांबतो, कारण पुढचं सगळं औषध या कागदावर ठरतं आणि हाच कागद सगळ्यात जास्त वेळा चुकीचा निघतो.

जाण्याआधी: साधा निळा पंप ४ ते ६ तास, दिवसातून दोनदा घ्यायचे लांब पल्ल्याचे पंप २४ तास आणि दिवसातून एकदाच घ्यायचे त्याहून जास्त, ३६ ते ४८ तास थांबवावे लागतात. अर्थात डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तरच. श्वास फार कोंडत असेल तर पंप घ्यावा आणि तसं तंत्रज्ञाला सांगावं. तासभर आधी सिगरेट नाही, पळापळ नाही. पोट गच्च भरून जाऊ नये, कमरपट्टा सैल ठेवावा. नुकताच हृदयविकाराचा झटका, डोळ्याची शस्त्रक्रिया, थुंकीतून रक्त किंवा फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर ही तपासणी पुढे ढकलतात. हे कुणी न विचारताच नळी हातात दिली तर आपण होऊन सांगावं.

तपासणीत: नाकाला चिमटा, नळीभोवती ओठ घट्ट, पूर्ण श्वास आत, आणि क्षणही न थांबता एका दमात स्फोटासारखा बाहेर. मग फुंकत राहायचं, रेषा सपाट होईपर्यंत. दम्याच्या जुन्या रुग्णाला १५ सेकंदांपर्यंतही लागतात. इथे तंत्रज्ञाचा आवाज हेच अर्धं यंत्र. तो रुग्णाच्या भाषेत, रुग्णाच्या बरोबरीने, "अजून, अजून, अजून" असं शेवटपर्यंत ओरडायला हवा. निदान तीन नीट प्रयत्न हवेत आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोघांत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. आठ प्रयत्नांतही जमलं नाही तर माणूस थकलेला असतो; दुसऱ्या दिवशी बोलवावं. त्यानंतर साल्ब्युटामॉलचे (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे) ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ डब्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तेच.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला रुग्ण थांबतो, कारण "फुंका" एवढंच त्याला कळलेलं असतं, "थांबू नका" हे नाही. फुंक लवकर सोडली की एकूण हवा कमी मोजली जाते, पहिल्या सेकंदाच्या हवेशी तिचं गुणोत्तर फुगतं, आणि ०.७० च्या खाली जाणारा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) रुग्ण कागदावर निरोगी किंवा "रिस्ट्रिक्टिव्ह", म्हणजे फुप्फुस आक्रसलेला, ठरतो. मग विनाकारण सीटी स्कॅन होतो आणि खरं औषध लांबतं. अहवाल हातात आला की आकड्यांआधी आलेख पाहावेत: तीन रेषा एकमेकींवर बसलेल्या आहेत का, की तीन वाटांनी गेल्यात? आलेखच छापलेला नसेल तर तो मागावा. ३ लिटरच्या सिरिंजने यंत्र रोज तपासतात का, हे विचारायलाही हरकत नाही. यंत्रात कुठल्या लोकसमूहाचं प्रमाण निवडलंय त्यावर टक्केवारी बदलते, म्हणून दोन ठिकाणच्या अहवालांची तुलना टक्क्यांवर करू नये. लिटरचे आकडे बघावेत.

इन्हेलरच्या बाबतीत निकष सोपा आहे. चिठ्ठी लिहून झाल्यावर कुणीतरी रुग्णाकडून तो ओढून घेतला का? डॉक्टरच हवा असं नाही, नर्स किंवा औषधवालाही चालेल. पण रुग्णाने त्यांच्यासमोर ओढलेला हवा. फवाऱ्याचा पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबताना सावकाश ४-५ सेकंद आत ओढा, १० सेकंद धरून ठेवा, दुसऱ्या फवाऱ्याआधी अर्धा ते एक मिनिट थांबा. कोरड्या पुडीचा असेल तर उलट: झटक्यात, जोराने. ही दोन तंत्रं उलटसुलट झाली की औषध फुकट जातं. स्टेरॉइड असलेल्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरा बुरा धरतो. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर विद्युतभार येऊन औषध भिंतीलाच चिकटतं. आणखी एक गोष्ट खास आपल्या हवेची. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात कोरड्या पुडीच्या पंपात घालायच्या कॅप्सुल पाकिटातून काढून डबीत भरून ठेवल्या की मऊ पडतात, नीट फुटत नाहीत, पूड गोळा होते. ओढायच्या क्षणीच बाहेर काढाव्यात. आणि त्या गिळायच्या नसतात, हेही सांगावंच लागतं. गिळणारे पुष्कळ भेटतात.

ब्रॉन्कोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बीण घालून श्वासनळ्या आतून बघण्याबद्दल, थोडक्यात. सहा तास घन अन्न नाही, दोन तास पाणीही नाही. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते किती दिवस बंद करायचं हे आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवतात; हा निरोप दोन डॉक्टरांच्या मध्ये हरवतो आणि त्या दिवशी रुग्णाला परत पाठवावं लागतं. गुंगी दिली तर २४ तास दुचाकी चालवू नये. घसा बधिर असेपर्यंत, साधारण दोन तास, घोटभर पाणीसुद्धा नको. संध्याकाळी थोडा ताप आणि थुंकीत रक्ताची रेघ येऊ शकते. रक्ताची गुठळी, छातीत कळ किंवा वाढती धाप आली तर मात्र लगेच परत.

क्षयरोगासाठी खाजगी दारात पैसे घालवू नयेत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाचे जंतू शोधणारी) तपासणी आणि सगळी औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. साध्या क्षयाला ६ महिने उपचार लागतात, आणि आहारासाठीची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये झाली आहे. खरा प्रश्न हंगामी कामगारांचा. पाऊस लागला की काम थांबतं आणि माणूस विजापूर-गदगला गावी जातो, गोळ्या अर्ध्यावर सुटतात. निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, देशभर चालतो. जाण्याआधी केंद्रावर सांगितलं तर उपचार गावच्या केंद्राकडे वर्ग होतात. १८००-११-६६६६ हा त्यासाठीचा मोफत क्रमांक. जे डॉक्टर पहिल्याच भेटीत "पावसात गावी जाणार का?" हे विचारतात, त्यांना काम कळलंय असं खुशाल समजावं.

आता आयसीयू.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकाला आतलं फारसं दिसत नाही. तरी पाच-दहा मिनिटांच्या भेटीत पुष्कळ कळतं. सगळ्यात आधी विचारावं: आयसीयूत निर्णय कोणाचा? काही ठिकाणी अतिदक्षतातज्ज्ञ सगळ्या रुग्णांची जबाबदारी घेतात, बाकीचे तज्ज्ञ सल्ला देतात. काही ठिकाणी प्रत्येक रुग्ण ज्याच्या नावावर भरती त्याचाच; हृदयवाला सकाळी येतो, किडनीवाला दुपारी, आणि मध्ये कनिष्ठ डॉक्टर फोन लावत असतो. पहिली पद्धत केव्हाही बरी. दुसरा प्रश्न: रात्री दोन वाजता श्वासनळीत नळी घालता येणारा माणूस आवारात असतो की घरून येतो? तिसरा: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स आहे की तिच्याकडे तीन-चार खाटा आहेत? पाटीवरच्या पदव्यांचा अर्थही जाणून असावा. एमडी रेस्पिरेटरी मेडिसिन म्हणजे छातीतज्ज्ञ. डीएम पल्मनरी आणि क्रिटिकल केअर, डीएम क्रिटिकल केअर किंवा त्याच विषयातली डीआरएनबी ही पुढची तीन वर्षांची पदवी. आयडीसीसीएम हा अतिदक्षतेतला पदविकेचा अभ्यासक्रम, तोही कामाचा.

खाटेपाशी काय बघायचं? डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर उचललेली हवी. सपाट झोपवलेल्याच्या पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. नळीच्या फुग्याचा दाब मोजतात का? २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी असला की लाळ आत झिरपते, जास्त असला की श्वासनळीचं आवरण दबून मरतं. बोटाने चाचपून दाब कळत नाही, त्याला छोटं घड्याळासारखं यंत्र लागतं. तोंड स्वच्छ आहे का, पाठीला फोड नाहीत ना, हात धुण्याचं द्रव प्रत्येक खाटेपाशी आहे का.

आणि एक खूण जी आम्हाला सगळ्यांत बोलकी वाटते: तक्त्यावर रुग्णाची उंची लिहिलेली आहे का? वजन सगळे लिहितात. पण फुप्फुसाचा आकार ठरतो उंचीवर. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. फुप्फुसं सुजून घट्ट झालेली असतात तेव्हा दर श्वासाला आदर्श वजनाच्या किलोमागे ६ मिलिलिटर हवा द्यायची, हे २००० सालापासून प्रस्थापित आहे. पाच फूट उंचीची ८० किलोची बाई घ्या. उंचीवरून तिचं आदर्श वजन ४५.५ किलो, म्हणजे श्वास सुमारे २७३ मिलिलिटरचा. प्रत्यक्ष वजनावर हिशेब केला तर ४८० होतो. इतक्या हवेने आजारी फुप्फुस दर श्वासाला ताणलं जातं, मिनिटाला वीस वेळा, दिवसेंदिवस. खाटेवर टेप लावून उंची मोजायला एक मिनिट लागतं. ते मिनिट काढणारं आयसीयू बाकीच्या बाबतीतही सहसा जागरूक असतं. याच घराण्यातले आणखी दोन प्रश्न: हवा आत गेल्यावर फुप्फुसात टेकलेला दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या खाली आहे का, आणि ऑक्सिजन फारच कमी पडत असेल तर रुग्णाला पालथं झोपवता का? पालथं घातलं तर दिवसातले निदान १६ तास. दोन तास पालथं घालून "केलं" म्हणणं उपयोगाचं नाही. त्याला चार-पाच माणसं एकदम लागतात, म्हणून रात्री कमी मनुष्यबळ असलेल्या ठिकाणी ते टाळलं जातं.

व्हेंटिलेटरवरून सुटका कशी करतात तेही पाहावं. गुंगी रोज सकाळी कमी करून माणूस जागा होतो का हे बघायचं आणि अर्धा ते दोन तास त्याच्या स्वतःच्या दमावर श्वास घेऊ द्यायचा. हे रोज व्हायला हवं, "डॉक्टर सोमवारी बघतील" असं नाही. इथे पुन्हा भाषा आडवी येते. गुंगीतून डोळे उघडणाऱ्याला "जीभ काढा, हात दाबा, खोका" हे त्याच्या बोलीत सांगितलं नाही तर तो ते करत नाही, आणि तक्त्यावर नोंद होते: आज्ञा पाळत नाही. नळी आणखी दोन दिवस आत राहते. ज्यांच्याकडे कोकणी, मराठी, हिंदी, कन्नडमध्ये चित्रांचा फलक असतो, ज्यावर दुखतंय, तहान लागलीय, श्वास कोंडतोय याकडे रुग्ण बोट दाखवू शकतो, त्यांना आम्ही वरचा नंबर देतो. नातेवाइकांनी चष्मा, कानाचं यंत्र, दातांची कवळी बरोबर न्यावी आणि ती वापरात आहे ना हे रोज विचारावं. न दिसणारा, न ऐकू येणारा म्हातारा माणूस आयसीयूत दोन दिवसांत भ्रमिष्ट होतो, त्याचे हात बांधावे लागतात, गुंगी वाढते आणि सगळं मागे जातं.

सीओपीडीचा रुग्ण नळीपर्यंत जाऊच नये म्हणून बायपॅप असतो. रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड चढलेला, अशा वेळी तो लवकर लावला तर अनेकांची नळी टळते. लावल्यावर एक-दोन तासांत धमनीतल्या रक्ताची तपासणी पुन्हा व्हायलाच हवी. नुसतं "बरं वाटतंय" यावर चालत नाही. मास्क नाकाच्या हाडावर रुतला तर जखम होते, दाढी किंवा कवळीविना बसलेले गाल असले तर हवा निसटते. या रुग्णांना ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांवरच ठेवायचा असतो. घरच्यांना ९० हा आकडा बघवत नाही आणि कुणीतरी हळूच चाक फिरवतं. ऑक्सिजन ९८ होतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि तासाभरात रुग्ण गाढ झोपी जातो. ती झोप कार्बन डायऑक्साइडची असते. चांगल्या विभागात खाटेवर ठळक अक्षरांत लक्ष्य लिहिलेलं असतं आणि नातेवाइकांना त्याचं कारण सांगितलेलं असतं.

गोव्यातल्या आयसीयूला स्थानिक आजारही ओळखीचे हवेत. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल आणि पाठोपाठ धाप, तर शेतात-पाण्यात पाय होते का हे विचारून लेप्टोचं (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं) औषध अहवालाची वाट न पाहता सुरू करतात, कारण फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला की हातात तासच उरतात. सत्तरी तालुक्यातून डिसेंबर ते मेमध्ये ताप घेऊन कुणी आलं तर माकडतापाचा (गोचिडीतून पसरणाऱ्या तापाचा) विचार हवा. समुद्रातून काढलेला माणूस शुद्धीवर असला तरी खोकत असेल तर ६ ते ८ तास नजरेखाली ठेवावा. "आता ठीक आहे" म्हणून हॉटेलवर सोडू नये.

हलवाहलवी हा सगळ्यांत नाजूक सांधा. १०८ ची सेवा गोव्यात २००८ पासून आहे. फोन करताना "धाप आहे, ऑक्सिजन इतका आहे, यंत्रावर आहे" हे तीनही सांगावं, म्हणजे व्हेंटिलेटरची रुग्णवाहिका येते. काणकोणहून बांबोळी ६० किलोमीटरहून जास्त. झुआरीचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि वर्षभराने पूर्ण खुला झाल्यापासून कुठ्ठाळीच्या कोंडीची धास्ती कमी झाली, पण ऑक्सिजनचा हिशेब करावाच लागतो. लहान बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास पुरतो. पण हाय फ्लो यंत्रावर (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या) ६० लिटरचा प्रवाह असेल तर अर्ध्या तासाच्या आत रिकामा. म्हणून "हाय फ्लोवर आहे, तसंच पाठवतो" असं कुणी म्हटलं तर किती सिलिंडर, कुठले, आणि वाटेत संपला तर काय, हे विचारूनच निघावं. लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत हवा. पुढच्या इस्पितळातल्या डॉक्टरांशी बोलणं झालंय आणि खाट नक्की आहे, हेही निघण्याआधी; गोमेकॉच्या दारात पोचून विचारणं म्हणजे फार उशीर.

इस्पितळाचा स्वतःचा साठा हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. २०२१ च्या मे महिन्यात गोमेकॉतल्या ऑक्सिजन पुरवठ्याचा विषय उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. त्याच सुमाराला बांबोळीला २० हजार लिटरची द्रव ऑक्सिजनची टाकी बसली. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, त्यामुळे टाकी असली की सिलिंडर बदलताना पडणारा दाब टळतो. लहान खाजगी आयसीयूत अजून सिलिंडरांच्या रांगेवरच काम चालत असेल, तर रात्री रांग बदलणारा माणूस कोण, हे विचारण्यात गैर काही नाही.

पैशांचं: गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कवच मिळतं. गोव्यात ५ वर्षं वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. खाजगी आयसीयूत व्हेंटिलेटरवर ही रक्कम लवकर सरते, म्हणून पहिल्याच दिवशी रोजचा अंदाज लेखी मागावा, औषधं आणि तपासण्या धरून. सिंधुदुर्ग किंवा कारवारहून येणाऱ्यांना या योजनेचं कार्ड मिळत नाही. आपलं कुठलं कार्ड त्या इस्पितळात चालतं हे भरतीआधी विचारून घ्यावं.

बोलणं कसं होतं, यावरही गुण द्यायला हवेत. रोज ठरलेल्या वेळी, बसून, एकाच जबाबदार डॉक्टरने सांगायला हवं. दारात उभ्याउभ्या नाही. सुधारणा होत नाही हेसुद्धा स्पष्ट सांगणारे डॉक्टर मोलाचे. नको असलेले उपचार आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. फुप्फुसाच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजारात हा विषय ओपीडीत, माणूस बोलू शकतो तेव्हाच काढणारे तज्ज्ञ कमी आहेत. आयसीयूच्या दारात मुलांवर तो निर्णय टाकणं फार क्रूर होतं.

घरी सोडताना कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, लिहून देतात. तो प्रत्येकाला लागत नाही; स्थिर अवस्थेत ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल तर लागतो, आणि मग दिवसातले निदान १५ तास. धाप लागली की दहा मिनिटं लावण्याने काही साधत नाही. यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवावं, मागची जाळी आठवड्याला धुवावी, बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालून ते रोज बदलावं. दमट, बंद खोलीत यंत्रातले गाळणारे खडे ओल धरतात आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. पिवळा दिवा लागला तर दुरुस्तीवाल्याने शुद्धता मोजून दाखवायला हवी, नुसतं पुसून देऊन नाही. जूनमधल्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हासाठी बी सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना तिथेच हवा. २ लिटरच्या प्रवाहाने तो साडेबारा तास पुरतो. त्याच खोलीत समई, उदबत्ती, मेणबत्ती, गॅस काही नको.

सगळ्यांत कच्चा दुवा आमच्या मते त्यानंतरचा. आठवडाभर व्हेंटिलेटरवर काढलेल्या माणसाच्या मांड्या आटलेल्या असतात. दम लागतो त्यात स्नायूंचाही मोठा वाटा असतो. त्यावर पल्मनरी रिहॅब, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, हे औषधाइतकं सिद्ध झालेलं काम आहे: आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान ६ ते ८ आठवडे. डिस्चार्जच्या कागदावर मात्र बहुतेकदा "व्यायाम करा" एवढीच ओळ असते. ती ओळ मान्य करू नये. दोन आठवड्यांनीची तारीख, सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी आणि घरी करायचा लेखी कार्यक्रम मागावा, रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत. पेडणे किंवा काणकोणहून आठवड्याला दोनदा येणं जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टने एकदाच नीट बसवून द्यावं: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, अंगणात ठरलेल्या अंतराची चाल, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन हात उचलणं, ओठ चंबू करून सोडलेला श्वास. बोटाला ऑक्सिमीटर लावून करावं. ८८ च्या खाली गेला तर थांबायचं, सावरला की पुन्हा सुरू. दोन मिनिटांतही सावरला नाही तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन.